बिनखताचा वाफा

परभणीच्या काळ्या रानात यंदा पीक किती आले, हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच सरकारी दफ्तरालाही छळीत आला आहे. कारण जमीनमहसूल वसूल करावा, तहकूब ठेवावा की माफ करावा, याचा निवाडा पुष्कळदा त्याच उत्तरावर होत असे. 1948 च्या सप्टेंबरापर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, अव्वल तालुकदाराच्या कचेरीत उर्दू कागद चालत आणि सालही फसली असे. परंतु राज्ये बदलली तरी पीक आण्यांत मोजण्याची रीत महसुली व्यवहारात टिकून राहिली. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. 1957 साली दशमान नाणी आली, पुढे आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पुढे कित्येक वर्षे पन्नास पैशांच्या आत की बाहेर एवढ्यावर गावाच्या टंचाईचा निर्णय अडत असे.

या पद्धतीला मी हीन लेखीत नाही. मात्र ती पूर्ण पिकाच्या शिखरावरून खाली मोजत येते. काहीही न घालता ही भुई स्वतःच्या अंगच्या बळावर किती देते, हे विचारण्याची सोय तिच्यात नाही.

तो प्रश्न विचारणारे गणित दूरदेशी जन्मले. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने 1805 मध्ये न्यूनतम वर्गांची रीत प्रसिद्ध केली. गाल्टनने आनुवंशिकतेच्या अभ्यासातून समाश्रयणाची कल्पना मांडली. आणि रोथॅमस्टेडच्या शेतात फिशरने ही सारी विद्या पिकांच्या प्रयोगांना जोडली. आपल्याकडे ती रुजविणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे ही नावे अग्रभागी आहेत. कृषिसंशोधकांसाठी त्या दोघांनी लिहिलेला सांख्यिकीचा ग्रंथ 1954 साली निघाला, आणि 18 मे 1972 रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले तोवर तो कृषिशिक्षणात घरोघरचा झाला होता.

आता एक कल्पित प्रयोग डोळ्यांसमोर आणू. ज्वारीचे चार वाफे आहेत. त्यांना हेक्टरी 0, 40, 80 व 120 किलो नत्र दिले, आणि उत्पन्न हेक्टरी 14, 19, 22 व 25 क्विंटल आले. नत्राची सरासरी 60, उत्पन्नाची 20. न्यूनतम वर्गांच्या रीतीने या चार जोड्यांतून काढलेल्या सरळ रेषेचा उतार 0.09, म्हणजे नत्राच्या किलोमागे नऊ किलो ज्वारी. सरासरी उत्पन्नातून उतार व सरासरी नत्र यांचा गुणाकार, म्हणजे 5.4, वजा केला की उरतात 14.6. हाच आंतरछेद: रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते ते स्थान. बिनखताच्या वाफ्यात प्रत्यक्षात चौदाच क्विंटल पिकले होते, 14.6 ही चारही वाफ्यांनी मिळून दिलेली साक्ष आहे, आणि मला ती एकट्या वाफ्याच्या साक्षीपेक्षा भरवशाची वाटते, कारण त्या एका वाफ्यात उंदीर शिरला असेल किंवा पाणी साचले असेल.

हे गणित पूर्वी कागदावर बेरजांच्या उभ्या रांगा मांडून करीत. आज एक्सेलमध्ये इंटरसेप्ट हे फल लिहून कंसात आधी उत्पन्नाचा स्तंभ व मग नत्राचा स्तंभ दिला की पुरते. क्रम उलटा झाला तर यंत्र तक्रार करीत नाही; ते मुकाट्याने उणे 158.18 असे उत्तर देते, कारण आता ते उत्पन्नावरून नत्र काढीत असते. तसेच नत्राच्या जागी पावसाचे मिलिमीटर घातले, तर शून्य पावसाच्या वर्षाचा एक आकडा निघेल खरा, पण तसले वर्ष नोंदीत कधी नव्हतेच. रेषा जिथवर अनुभव गेला तिथवरच खरी, आणि नत्र वाढवीत नेले तर तीही पुढे वाकते.

नत्राच्या प्रयोगात मात्र शून्य ही प्रत्यक्ष जागा असते. चहूबाजूंच्या गर्द हिरव्या ज्वारीत तो एकच वाफा फिकट, पिवळसर दिसतो. ताटे बारीक, खालची पाने टोकापासून वाळलेली. पाहणाऱ्याला वाटते, इथे कोणाची तरी हयगय झाली. पण कापणीच्या दिवशी त्याचीही कणसे वेगळी खुडून, वेगळी मळून, वेगळी तोलतात, आणि तो आकडा वहीत सर्वांत वरच्या ओळीत, शून्यासमोर, लिहिला जातो.