१. ब्राझ गोन्साल्विस

ब्राझ गोन्साल्विस : सॅक्सोफोनवादक. मूळ गाव गोव्यातले तिसवाडी तालुक्यातील नेवरा. चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकून मुंबई-कोलकात्याच्या हॉटेलांत वाजवायला गेलेल्या गोमंतकीय वादकांची मोठी परंपरा आहे. ब्राझ त्याच परंपरेतले. कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्लू फॉक्स’मध्ये पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्याबरोबर ते वाजवत. सासरे चिक चॉकलेट हे मुंबईचे नामांकित ट्रम्पेटवादक.

मात्र ब्राझ यांचे खरे मोल वेगळ्या कामात आहे. १९७०च्या सुमारास ‘रागा रॉक’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी रागसंगीत सॅक्सोफोनवर आणले. हे अवघड का, ते नागपूरकडच्या वाचकासाठी सांगायला हवे, कारण आपल्याला हे वाद्य बहुधा वरातीच्या बँडमुळे ठाऊक असते. सॅक्सोफोनच्या कळा ठरलेल्या स्वरांच्या. दोन स्वरांमधली मींड कळेत नसते. ती वेताच्या पातळ पट्टीवरचा ओठांचा दाब कमीजास्त करून, श्वास सांभाळून काढावी लागते. शिवाय जॅझचा कलावंत बदलत्या कॉर्डवर विस्तार करतो, रागात षड्ज अढळ. या दोन्ही शिस्ती एका वाद्यात उतरवणे हे धाडस होते. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी अमेरिकेतून भारतीय संगीताकडे पाहिले होते. ब्राझ इथूनच निघाले. अशा प्रयोगांना व्यासपीठ देणारा ‘जॅझ यात्रा’ महोत्सव मुंबईत १९७८ साली सुरू झाला. पुढे लुई बँक्स आणि कर्नाटक संगीताच्या गायिका रमामणी यांच्यासोबत ब्राझ यांनी हाच प्रयोग युरोपातही नेला. मराठीत त्यांच्यावर फारच थोडे लिहिले गेले, म्हणून ही टीप लांबवली आहे. — संपादक