एका नुक्त्याचा फरक

उर्दूच्या तासाला पाचवीच्या मुलांसमोर मी फळ्यावर दोन शब्द लिहितो: दुआ आणि दग़ा. उर्दू लिपीत दोन्ही दिसायला सारखेच. दाल, ऐन, अलिफ. ऐनवर एक नुक्ता दिला की त्याचा ग़ैन होतो आणि दुआचा दग़ा होतो. गेल्या महिन्यात हे शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, गेममध्ये चीट टाकतात तेही असंच असतं का?" "हो, तसंच," म्हणून मी त्याला बसवलं. पण घरी येईपर्यंत मला १९९४ ची ईद आठवत राहिली.

तेव्हा आम्ही मलकापूरला राहत होतो. भाईजान नववीत, मी सहावीत. मामूंनी त्यांच्याकडचा जुना व्हिडिओ गेम आम्हाला दिला होता, पण त्याच्यासोबत कॅसेट नव्हती. भाईजानने दोन वर्षांची ईदी साठवून खामगावहून एक कॅसेट आणली. वर छापलं होतं: ९९९९ इन १. घरी लावून पाहिली तर मोजून सात-आठ गेम, तेच पुन्हा पुन्हा. अब्बा भडकले. "दग़ा खाऊन आलास," म्हणाले. भाईजान मात्र म्हणत होता, "अब्बा, सब एक जैसे नहीं हैं. थोडा थोडा फरक है." गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर त्याने नोंदी केल्या होत्या: अमुक नंबरचा मारिओ पुढच्या लेव्हलवर सुरू होतो, तमुक नंबरच्या काँट्रात जीव जास्त मिळतात. अब्बांनी मला गवाही विचारली. मला फरक दिसला नव्हता, खरं तर मी नीट पाहिलंच नव्हतं. मी म्हणालो, "सगळे एकच आहेत." त्यानंतर बरीच वर्षं घरात भाईजानच्या हाती बाजाराचे पैसे दिले गेले नाहीत.

त्या मुलाच्या प्रश्नामुळे मी या विषयावर थोडं वाचलं. ते इथे मांडतो, कारण यात दोन वेगवेगळ्या जातीची यंत्रं आहेत आणि त्यांच्यातला फरक शिक्षकाला लगेच कळण्यासारखा आहे.

गेमची कॅसेट म्हणजे छापील पाठ्यपुस्तक. तिच्यातल्या रॉम चिपवर जे लिहिलंय ते बदलत नाही. मशीनमधली रॅम म्हणजे पाटी. किती जीव उरले, किती गुण झाले, हे खेळताना तिच्यावर लिहिलं आणि पुसलं जातं. निन्टेन्डोच्या एनईएस मशीनची ही पाटी फक्त २ केबीची होती.

पहिलं यंत्र गेम जिनी. ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीने ते तयार केलं आणि अमेरिकेत गालूब या खेळण्यांच्या कंपनीने विकलं. ते कॅसेट आणि मशीन यांच्या मधोमध बसायचं. मशीनचा प्रोसेसर कॅसेटला सतत विचारत असतो: अमुक पत्त्यावर काय लिहिलंय? जिनी हे सवाल ऐकत राहायची. नेमून दिलेला पत्ता आला की कॅसेटचं उत्तर अडवून स्वतःचं पुढे करायची. पुस्तकाला हात न लावता, वाचणाऱ्याच्या नजरेसमोर एका अक्षरावर चिठ्ठी चिकटवण्यासारखं.

सुपर मारिओ ब्रदर्ससाठी तिचा एक प्रसिद्ध कोड होता: एस-एक्स-आय-ओ-पी-ओ. तो उलगडला की ९१डी९ हा पत्ता आणि एडी हा अंक निघतो. मूळ गेममध्ये त्या जागी सीई आहे. प्रोसेसरच्या भाषेत सीई म्हणजे 'एक वजा कर' आणि एडी म्हणजे 'वाच'. मारिओ मेला की गेम जिवांतून एक वजा करायला जातो आणि फक्त किती आहेत ते वाचून परत येतो. जीव संपतच नाहीत. एवढ्या मोठ्या गेममधला एक अंक, म्हणजे एक नुक्ता.

एनईएसच्या जिनीवर एका वेळी तीनच कोड चालत. कोड सहा अक्षरांचे किंवा आठ अक्षरांचे असत. मोठ्या गेममध्ये एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी पानं उघडतात, म्हणून आठ अक्षरी कोडात मूळ अंकही सांगावा लागे: तिथे आधी हेच लिहिलंय का ते बघ, मगच बदल. मशीन बंद केलं की कोड जात. दुसऱ्या दिवशी पुस्तिकेत पाहून पुन्हा भरायचे.

दुसरं यंत्र ॲक्शन रिप्ले. हे इंग्लंडच्याच डेटेल कंपनीचं. कमोडोर ६४ या घरगुती संगणकापासून सुरू होऊन ते पुढे गेम मशीनवर आलं. याची तऱ्हा वेगळी. हे पुस्तकाकडे बघत नाही, पाटीवर लिहितं. जिवांचा आकडा पाटीवर कुठे आहे ते शोधायचं आणि पडद्यावरचं चित्र बदलतं त्या वेगाने, सेकंदाला ५० किंवा ६० वेळा, तिथे तोच आकडा पुन्हा लिहायचा. गेम बिचारा इमानदारीने वजाबाकी करतो आणि हे यंत्र लगेच भरपाई करतं. त्यात एक उणीव होती. एकाच फटक्यात शक्ती शून्यावर आली आणि भरपाईच्या आधीच गेमने ती तपासली, तर खेळाडू मरायचाच. पण पाटीवरचा आकडा खेळाडूला स्वतः शोधता येई. जीव गेला, आता कोणता आकडा एकने कमी झाला? असं चाळत चाळत पोहोचता येई. नेमकं भाईजानच्या वहीसारखं.

पुढे सीडीवर चालणारं प्लेस्टेशन आलं. त्यात गेम आधी सीडीवरून २ एमबीच्या रॅममध्ये उतरतो. म्हणजे पुस्तकच पाटीवर उतरवून घेतलं. मग पाटीवर लिहिणारी जात पुरे झाली. अमेरिकेत गेमशार्क नावाने विकलेलं हे यंत्र प्लेस्टेशनच्या मागच्या पोर्टला लागे आणि कोड स्वतःजवळ साठवून ठेवी. सोनीने नंतरच्या मॉडेलमधून ते पोर्टच काढून टाकलं, तेव्हा ही यंत्रं सीडीच्या रूपात आली.

निन्टेन्डो गेम जिनीविरुद्ध कोर्टात गेली होती. आमच्या गेमची ही बदललेली आवृत्ती आहे, असा तिचा दावा. वर्षभर अमेरिकेत विक्री थांबली. १९९१ मध्ये न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी दावा फेटाळला आणि १९९२ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल कायम केला. जिनी गेमची नवी प्रत काढत नाही. विकत घेतलेला गेम घरी आपल्या मजेसाठी वेगळ्या तऱ्हेने खेळणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे, असा त्याचा सारांश. गालूबला दीड कोटी डॉलरची भरपाईही मिळाली.

आमच्या भागात यातलं एकही यंत्र मी पाहिलं नाही. आलं असतं तरी बसलं नसतं. आपल्याकडचे मीडिया, लिटल मास्टर हे गेम जपानी मशीनच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटला ६० पिना, तर अमेरिकेतल्या एनईएसच्या कॅसेटला ७२. आपल्याकडे तिसरीच रीत चालली. कॅसेट बनवणारेच आत फेरफार करून ठेवत. गेम सुरू होण्याआधी मेनू पाटीवर वेगळा आकडा लिहून ठेवी, किंवा चिपमधल्या नकलेतच एखादा अंक बदललेला असे. यादी फुगवण्यासाठी एकच गेम पाच नंबरांवर, पण पाचही ठिकाणी किंचित वेगळा. कॅसेट उघडली तर आत काळ्या डांबरासारखा एक थेंब. मूळ काय आणि बदललेलं काय हे सांगणारा कोड नाही, पुस्तिका नाही. ते खेळून, लिहून, ताडून पाहणाऱ्यालाच कळायचं.

म्हणजे ९९९९ हा आकडा दग़ाच होता, अब्बा तिथे बरोबर होते. पण भाईजानही बरोबर होता. चूक होती ती माझ्या गवाहीत. रोज मुलांना नुक्ते तपासायला सांगणाऱ्या माणसाने हे लिहून ठेवलं पाहिजे, असं वाटलं.

अब्बा आता नाहीत. भाईजानचं भुसावळला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. परवा फोन करून त्याला हे सगळं सांगितलं, माफीही मागितली. त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "वो कॉपी अम्मी ने रद्दी में दे दी थी ना?"

"हो," मी म्हणालो.

"बत्तीस लिखे थे," म्हणाला, आणि गिऱ्हाइकाशी बोलू लागला.