बाहुलीच्या आत

गेल्या वर्षी आजीच्या डोळ्यांचा ओसीटी काढला. स्क्रीनवर दृष्टिपटलाचे थर आडव्या पट्ट्यांसारखे दिसत होते, आणि खालच्या रेषेला तीन-चार टेंगळं. ‘ड्रूसन आहेत,’ डॉक्टर म्हणाले. म्हणजे दृष्टिपटलाच्या तळाशी साठलेली चरबी आणि प्रथिनं. वयानुसार थोडी येतातच. मोठी झाली, वाढली, तर मधली नजर जाण्याचा धोका.

“म्हणजे काय रे?” आजीने रिक्षात विचारलं. “आत साका बसलाय,” मी म्हणालो. तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही. रात्री वाचत बसलो.

आणि भेटला कोण, तर बॅबेज! इंजिनीयरिंगला आम्ही ‘संगणकाचा जनक’ एवढं एका मार्कापुरतं लिहून सोडून दिलेला. आरशाचा पारा मध्ये दोन-तीन ठिकाणी खरवडून, तो नळीत तिरपा बसवून त्याने डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र केलं होतं. १८४७ साली ते वॉर्टन जोन्स या नेत्रतज्ज्ञाला दाखवलं. त्याला त्याचं मोल कळलं नाही. विषय तिथेच संपला.

बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेच परततो. त्या वाटेवर डोकं घातलं की आपण प्रकाशच अडवतो. तिरप्या काचेने ही अडचण हेल्महोल्ट्झने सोडवली. १८५१ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. शोध लागला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. (मी अठ्ठावीसचा. असो.)

पण हे दर्शन वरून, खिडकीतून अंगण पाहावं तसं. थर दिसत नव्हते. डॉन्डर्सने १८५५ मध्ये ड्रूसनचं वर्णन केलं, ते सूक्ष्मदर्शकाखाली, मृतांच्या डोळ्यांत. ज्याचा डोळा, त्याला त्याचा काय उपयोग?

तो उभा छेद न कापता मिळायला १९९१ उजाडलं. एमआयटीत हुआंग, फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाचा प्रतिध्वनी वापरला. आवाजाचा प्रतिध्वनी घड्याळाने मोजता येतो. प्रकाशाचा इतका झटपट येतो की घड्याळ कामाचं नाही. म्हणून किरणाचे दोन भाग केले: एक डोळ्यात, एक आरशाकडे. परतल्यावर दोन्हींच्या लहरी जुळल्या, तर थर किती खोल ते कळतं. पहिली चित्रं इथेही शरीराबाहेर काढलेल्या डोळ्याचीच होती. जिवंत डोळा त्यानंतर दोनेक वर्षांनी.

सकाळी आजीला रिपोर्टवरचं टेंगूळ बोट ठेवून दाखवलं. “एवढंसंच?” ती म्हणाली. खरं तर केसाच्या जाडीइतकं, मी सांगितलं.

डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद आता फ्रिजवर आहे. चहा ठेवण्याआधी ती एकेक डोळा झाकून त्याकडे बघते. रेषा वाकड्या दिसल्या तर लगेच जायचंय. “सरळ आहेत रे,” ती स्वयंपाकघरातून ओरडते, आणि मग मी लॅपटॉप उघडतो.