नळीतला पीळ

रायफलीच्या नळीत किती पीळ आहे हे मोजायला यंत्र लागत नाही. फिरत्या मुठीचा साफसफाईचा गज घ्यायचा, टोकाला घट्ट बसेल एवढी चिंधी गुंडाळायची, गजावर एक खूण करायची आणि तो सावकाश नळीत ढकलायचा. चिंधी आतल्या खाचा धरते आणि गज आपोआप फिरू लागतो. खूण फिरून पुन्हा वर आली की एक फेरा पुरा. तेवढ्यात गज जितके इंच आत सरकला, तो त्या नळीचा पीळ. आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट. नेमबाजीच्या पॉइंट टू-टू रायफलीत हे अंतर साधारण 16 इंच भरतं.

हा 16 कुठून आला? त्याचा माग काढायला लोणावळा–पुणे लोकल पुरेशी आहे.

मळवली गेलं की कार्ल्याचा डोंगर मागे पडतो आणि पुढे वडगाव येतं. जानेवारी 1779 मध्ये बोरघाट चढून आलेली इंग्रज फौज मराठ्यांनी इथेच कोंडली आणि तह करायला लावला. कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टची, म्हणजे आपल्या ‘इष्टुर फाकड्या’ची, समाधी वडगावातच आहे. त्या इंग्रज फौजेच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती. तिचं भोक पाऊण इंचाचं, गोळी मात्र त्याहून बारीक, कारण दारूच्या काजळीने नळी भरली तरी ती ठासता आली पाहिजे. बार उडाला की गोळी नळीत आपटत जायची आणि शेवटची जिथे आपटली असेल त्यावर तिची दिशा ठरायची. शंभर पावलांपलीकडे नेम म्हणजे नशिबाचा खेळ. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर रानडुकरं हाकायला वापरतात ती ठासणीची बंदूक याच घराण्यातली.

नळीत पिळाच्या खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते, हे युरोपातल्या कारागिरांना सोळाव्या शतकातच उमगलं होतं. अडचण भरण्याची होती. खाचा धरायच्या तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी ठासायला वेळ जातो. मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने 1849च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी आणली. ती सैल आत जायची आणि बाराच्या दाबाने फुगून खाचा धरायची. त्याच वाटेने 1853ची एनफिल्ड आली, जिच्या काडतुसांच्या चरबीवरून 1857 पेटलं. तिची गोळी सुमारे 530 ग्रेनची. इंग्रजी अमदानीत तोळा 180 ग्रेनचा ठरला होता, म्हणजे गोळी तीन तोळ्यांना जरा कमी. नळी 39 इंच आणि पीळ 78 इंचांना एक, त्यामुळे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळीचा जेमतेम अर्धा फेरा व्हायचा. गोळी बुटकी आणि जाड होती, तिला तेवढा पुरत होता.

खरा फाटा फोडला तो जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने. त्याने गोळीचं वजन तेच 530 ग्रेन ठेवलं आणि भोक 0.577 इंचावरून 0.451 इंचावर आणलं. तेवढंच शिसं बारीक नळीत बसवायचं तर गोळी लांबणार, आणि लांब गोळीला त्याने 20 इंचांना एक असा पीळ दिला. बारीक भोकाच्या रायफलीत जड गोळी घालण्याचा सगळा हिशेब इथून सुरू होतो. पीळ वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतो. पण भोक ठरलेलं असलं की वजन वाढवायला लांबीखेरीज जागाच नसते.

असं का, ते भोवरा फिरवलेल्याला कळेल. उंच, सडपातळ भोवऱ्याला जाळी जोरात ओढावी लागते, नाहीतर तो डुलतो आणि आडवा होतो. गोळीला आडवं पाडते ती हवा. हवेचा रेटा गोळीच्या तोलाच्या बिंदूपुढे, नाकाकडे बसतो. गोळी लांब असेल तर त्या रेट्याची तरफही लांब होते. पीळ कमी पडला की गोळी वाटेत कलंडते आणि कागदी निशाणावर गोल भोकाऐवजी लांबट चीर पडते.

वुलिचच्या तोफखाना शाळेत गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिलने 1879 मध्ये याचं सोपं सूत्र दिलं. लांबी आणि पीळ दोन्ही गोळीच्या व्यासात मोजा. त्यांचा गुणाकार 150 आला पाहिजे. पॉइंट टू-टूची 40 ग्रेनची, म्हणजे साधारण पावणेतीन माशांची गोळी सुमारे 0.46 इंच लांब, व्यासाच्या जेमतेम दुप्पट. 150ला दोनाने भागा आणि व्यासाने गुणा, उत्तर 16 इंचांच्या आसपास येतं.

लोकल खडकीला थांबते. इथला दारूगोळा कारखाना 1869चा. त्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ म्हणजे ‘किरकी फॅक्टरी’ अशी मोहोर असते. इथे बनलेल्या .303च्या काडतुसांसाठीचा पीळ 10 इंचांना एक. तो 1888च्या 215 ग्रेनच्या बोथट गोळीसाठी ठरला. 1910 मध्ये अणकुचीदार 174 ग्रेनची गोळी आली, पीळ तोच राहिला आणि चालूनही गेला. घट्ट पीळ हलकी गोळी सांभाळून घेतो. सैल पीळ जड गोळीला सांभाळत नाही.

सैल पिळाची ही चूक अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीला महागात पडली. 1955 मध्ये तिने .244 ही शिकारी रायफल काढली ती 12 इंचांच्या पिळाची, हलक्या गोळ्या डोळ्यांपुढे ठेवून. त्याच वर्षी विंचेस्टरची .243 आली, भोक तेच, पण पीळ 10 इंचांचा, म्हणून 100 ग्रेनची गोळीही तिला पेलली. हरणाच्या शिकारीला लोकांना तीच गोळी हवी होती. शेवटी 1963 मध्ये रेमिंग्टनने ते काडतूस नवं नाव आणि 9 इंचांचा पीळ देऊन पुन्हा बाजारात आणलं. अमेरिकी सैन्याची एम-16 हाच धडा शिकली. तिचा पीळ 14 इंचांचा होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, गोळ्या डगमगू लागल्या, म्हणून तो 12 केला. पुढे लांब गोळ्या आल्या, विशेषतः लांबलचक ट्रेसर गोळी, आणि तो थेट 7वर आला. त्याच 5.56 मिलिमीटर भोकाची आपली इन्सास पाषाणच्या शस्त्र संशोधन संस्थेत, एआरडीईत, घडली.

आपल्याकडे शिकारीचा अध्याय 1972च्या वन्यजीव कायद्याने मिटला. बारीक भोकाची रायफल उरली ती निशाणासाठी. बालेवाडीच्या रेंजवर 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं आणि 16 इंचांच्या पिळातून सुटलेली गोळी सेकंदाला सुमारे 800 फेरे घेत तिथे पोचते. राधानगरीजवळच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला, असाच फेरा साधत 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकापर्यंत गेला.

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, असं आपण हेकट माणसाबद्दल म्हणतो. रायफलीच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. गोळ्या उडून संपतात, नव्या येतात, कायदे बदलतात. नळीत मात्र कुणीतरी कधीतरी मनात धरलेल्या एका गोळीची लांबी कोरलेली राहते. कपाटात पडून राहिलेल्या आजोबांच्या परवान्याच्या रायफलीत आज चिंधीचा गज घातला, तरी तो त्याच गोळीच्या मापाने फिरेल.