अभ्यासिका
वाचनासाठी व परीक्षेच्या तयारीसाठी राखलेली सामाईक, शांत जागा. महाराष्ट्रात ती अनेकदा सार्वजनिक ग्रंथालयाला जोडलेली असते; पुण्यात स्पर्धा परीक्षांमुळे पेठांमधून खासगी अभ्यासिकाही वाढल्या. २०१७ मध्ये आलेल्या ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचांनंतर अशा जागेची गरज उरत नाही, असा आक्षेप घेतला जातो. खेड्यातल्या किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याची या मंचांनी मोठी सोय केली, हे मान्यच करायला हवे. परंतु मंचावर पाठ मिळतो. टेबल, उजेड आणि शांतता मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत एका खोलीच्या घरांमध्ये हे प्रकर्षाने जाणवले: हाती फोन असूनही मुलांना बसायला कोपरा नव्हता. म्हणूनच नगरपालिका व ग्रामपंचायतींनी इंटरनेट असलेल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवाव्यात.