राहून गेलेली घरं

डेट्रॉईट शहराची उत्तरेकडची हद्द म्हणजे एट माईल रोड. तो ओलांडला की साउथफील्ड हे उपनगर लागतं. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात चुनखडीच्या दगडातलं एक भलंमोठं अस्वल आहे आणि त्याच्या पाठीवर एक लहान मुलगा. मार्शल फ्रेडरिक्स या शिल्पकाराने ते ग्रंथालयासाठी केलेलं नव्हतं. १९५४ साली त्याच गावात उघडलेल्या नॉर्थलँड सेंटर या बाजारासाठी ते घडवलेलं होतं. साठ वर्षं मुलं त्या अस्वलावर चढली, घसरली. २०१५ मध्ये बाजार बंद पडला आणि अस्वलाला नवं घर शोधावं लागलं.

तो बाजार व्हिक्टर ग्रूएन याच्या कल्पनेतून आला. जन्म १९०३, व्हिएन्ना. मूळ आडनाव ग्रूनबाउम. हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ मध्ये हा ज्यू वास्तुरचनाकार अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या दर्शनी भागांची कामं करू लागला. व्हिएन्नातले चौक, कॉफीगृहं, पायी हिंडण्याची सवय त्याच्या मनातून गेली नव्हती. अमेरिकी उपनगरात त्याला दिसले ते मोटारींचे रस्ते आणि रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेली दुकानं. माणसांनी एकमेकांना भेटावं अशी जागाच नाही! १९४३ मध्येच, युद्ध चालू असताना, त्याने आणि त्याची तेव्हाची पत्नी एल्सी क्रुमेक हिने युद्धानंतरच्या शहरासाठी अशा केंद्राचा आराखडा एका वास्तुकला मासिकात मांडला होता.

उपनगरी बाजार ही काही ग्रूएनची नवलाई नव्हती. कॅन्सस सिटीमध्ये जे. सी. निकल्स यांनी विसाच्या दशकातच कंट्री क्लब प्लाझा उभारला होता, तोही मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. ग्रूएनचं वेगळेपण असं की त्याने मोटार बाहेर थांबवली आणि आत चौक दिला. डेट्रॉईटच्या जे. एल. हडसन या बड्या डिपार्टमेंट स्टोअरला त्याने पटवलं की गिऱ्हाईक उपनगरात निघालं आहे, तुम्हीही निघा. नॉर्थलँडच्या मधोमध हडसनची चार मजली इमारत, भोवती बैठ्या दुकानांच्या ओळी, मध्ये बागा, कारंजी, शिल्पं आणि बाकडी. माल आणणारे ट्रक गिऱ्हाइकांना दिसू नयेत म्हणून त्यांच्यासाठी जमिनीखालून बोगदा. सगळं उघड्या आकाशाखाली होतं. त्या काळी जगातला सर्वांत मोठा उपनगरी बाजार म्हणून त्याचं नाव झालं.

दोन वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९५६ ला, मिनेसोटातल्या एडायनामध्ये ग्रूएनचं साउथडेल उघडलं. तिथली थंडी कडाक्याची, म्हणून याला छप्पर. आत बारमाही चोवीस अंशांच्या आसपास तापमान, ७२ दुकानं, एक भव्य चौक. आज आपण ज्याला मॉल म्हणतो त्याचा हा मूळपुरुष. पण मला महत्त्वाचा वाटतो तो ग्रूएनचा पूर्ण नकाशा. डेटन या डिपार्टमेंट स्टोअरने ४६३ एकर जमीन घेतली होती आणि बाजार हा त्यातला फक्त मधला भाग होता. भोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं असं एक अख्खं गाव काढलेलं होतं. माणसाने घरातून निघावं आणि चालत चौकात यावं, ही त्यामागची मूळ कल्पना.

बाजार उभा राहताच भोवतालच्या जमिनींचे भाव चढले आणि त्या तुकड्या-तुकड्याने विकल्या गेल्या. बाजाराभोवती उरलं डांबर.

त्यात कायद्याची भर पडली. नॉर्थलँड उघडलं त्याच १९५४ साली अमेरिकेच्या आयकर कायद्यात घसाऱ्याचा नियम बदलला. नव्या व्यापारी इमारतीचा घसारा चाळीसेक वर्षांवर सारखा न वाटता, बराचसा सुरुवातीच्या वर्षांतच दाखवायची मुभा मिळाली. म्हणजे भाडं खिशात येत असताना कागदावर तोटा दिसणार आणि कर वाचणार. घसारा संपत आला की मालमत्ता विकायची आणि दुसरीकडे नवीन बांधायची. जुन्याच्या डागडुजीला असं आमिष नव्हतं. इतिहासकार थॉमस हँचेट यांनी १९९६ मध्ये हा धागा उलगडून दाखवला, आणि माझ्या मते मॉलच्या अकाली म्हातारपणाचं खरं कारण इथेच सापडतं. ऑनलाइन खरेदीने मॉल मारले असं सरसकट म्हटलं जातं. तिने शेवटचा धक्का दिला, एवढंच. चाळिशीतच थकणारी इमारत बांधण्यात फायदा होता, म्हणून ती तशी बांधली गेली.

नॉर्थलँडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली, ती स्पष्ट बोलायला हवी. ज्या गोऱ्या कुटुंबांच्या मागे हडसन एट माईल रोड ओलांडून आलं, ती कुटुंबं पुढच्या दशकांत आणखी दूर सरकली. साउथफील्ड हळूहळू कृष्णवर्णीय बहुसंख्येचं, बऱ्यापैकी सुस्थितीतलं गाव झालं. गिऱ्हाईक होतं, भांडवल मात्र डिअरबॉर्न, नोव्ही, ट्रॉय या इतर उपनगरांकडे वळलं. नोव्हीतला ट्वेल्व्ह ओक्स मॉल १९७७ चा. स्पर्धेत टिकायला नॉर्थलँडवर सत्तरच्या दशकात छप्पर घातलं गेलं. माझ्या मते तो बदल चुकला. उघड्या चौकांची आणि बागांची जी श्रीमंती इतरांकडे नव्हती, तीच झाकली गेली.

ग्रूएन १९६८ मध्ये व्हिएन्नाला परतला. १९७८ मध्ये लंडनमधल्या भाषणात त्याने आपल्या नावावर खपणाऱ्या मॉलचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं. दोन वर्षांनी तो गेला.

२०१५ मध्ये बंद पडलेलं नॉर्थलँड साउथफील्डच्या नगरपालिकेने २४ लाख डॉलरना विकत घेतलं. आपल्याकडे पुनर्विकास म्हणजे अपुरी जागा, वाढीव एफएसआय आणि गाळेधारकांची संमती. इथे सगळं उलट: एकरच्या एकर ओस पार्किंग आणि विचारायला गाळेधारकच नाहीत. पालिकेने काही भाग पाडला आणि पुढे विकासकाला जागा दिली. आराखड्यात भाड्याची घरं आली आणि हडसनची जुनी इमारत पाडण्याऐवजी तिच्यातच घरं करायचं ठरलं. नॉर्थलँडची धाकटी बहीण ईस्टलँड, हीसुद्धा ग्रूएनचीच, १९५७ ची. ती मात्र जमीनदोस्त झाली आणि तिच्या जागी गोदामं आली. दोन बहिणींपैकी नॉर्थलँडच्याच वाट्याला खरा पुनर्विकास आला, कारण तिथे माणसांनी राहायचं ठरलं. गोदामांमुळे जमीन तेवढी कामाला लागली.

साउथडेल अजून चालू आहे. तिथल्या बंद पडलेल्या जेसीपेनी या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागी २०१९ मध्ये भलीमोठी व्यायामशाळा आली. त्याआधी पार्किंगच्या एका कोपऱ्यात अपार्टमेंटचे मनोरे उभे राहिले. शेजारी रुग्णालय साठच्या दशकापासून आहे, पण मध्ये रुंद रस्ते आणि ज्याचं-त्याचं पार्किंग. नकाशातल्या वस्तू आल्या, त्यांना जोडणारी वाट तेवढी आली नाही. तरी त्या मनोऱ्यांत राहणारा माणूस आज घरातून निघून चालत साउथडेलच्या चौकात जाऊ शकतो. ग्रूएनच्या नकाशातल्या एवढ्या एका गोष्टीला जवळजवळ साठ वर्षं लागली.