पंकचे वय

वाङ्मयेतिहास शिकवताना कालखंडांच्या चौकटी आखणे आम्हां शिक्षकांना अपरिहार्य असते. ‘साठोत्तरी’ असा एक शब्द फळ्यावर लिहिला की तास सोपा होतो. त्या चौकटीतली माणसे पुढेही लिहीत-वाचत राहिली, म्हातारी झाली, ही गोष्ट आम्ही सहसा सांगत नाही. परीक्षेत ती कोणी विचारत नाही. ही अडचण आम्हांला नीट जाणवली ती मात्र साहित्याबाहेरच्या एका उदाहरणावरून : ब्रिटनमधील पंक संगीत आणि त्याचे आता साठीच्या आसपास पोहोचलेले श्रोते.

इतिहास पंकला फार थोडी वर्षे देतो. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा लहानसा कार्यक्रम झाला, सप्टेंबरात लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये दोन रात्रींचा पंक महोत्सव झाला, आणि जानेवारी १९७८ मध्ये सेक्स पिस्टल्स फुटले. प्रकरण समाप्त. ब्रिटिश लायब्ररीने २०१६ साली भरवलेल्या प्रदर्शनाच्या शीर्षकातही १९७६ ते १९७८ एवढीच वर्षे होती. 

अभ्यासकांचाही यात वाटा आहे. डिक हेब्डिज यांचे ‘सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल’ (१९७९) हे पुस्तक आमच्या पिढीने भक्तिभावाने वाचले. सेफ्टी पिन, फाटका शर्ट, उभे केलेले केस यांना चिन्हे मानून त्यांनी पंकची संहिता वाचली. वाचन विलक्षणच होते. पण त्यात पंक म्हणजे तरुणाचे शरीर, आणि त्या शरीरावरची चिन्हे. केस विरळ झाल्यावर चिन्हाचे काय होते, हा प्रश्न त्या संहितेत उद्भवतच नाही.

तो विचारला अँडी बेनेट यांनी. इंग्लंडच्या पूर्व केंट भागातील वयस्क पंक-रसिकांशी बोलून त्यांनी २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे : पोशाख सौम्य झाला होता, काहींचा तर उरलाच नव्हता, पण आपण पंक आहोत ही जाणीव मात्र पक्की होती. जे अंगावर होते ते अंगात मुरले होते. कार्यक्रमात ही मंडळी पुढच्या गर्दीत पोगो (म्हणजे जागच्या जागी उड्या मारत, एकमेकांवर आदळत केलेला नाच) करत नाहीत. मागे उभी राहून कान देऊन ऐकतात आणि बँड कच्चा असेल तर तसे सांगतात. (गुडघ्यांचाही यात काही संबंध असावा, असे आम्ही स्वानुभवाने म्हणू शकतो.) 

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक टोकदार होतो. लॉरा वे यांनी वयस्क पंक स्त्रियांवर स्वतंत्र अभ्यास केला आहे. ‘वयाला शोभेल असे’ राहण्याची अपेक्षा स्त्रीकडून पुरुषापेक्षा लवकर आणि जास्त केली जाते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. पन्नाशीतल्या बाईने केस हिरवे रंगवणे हे विशीतल्या मुलीच्या हिरव्या केसांहून मोठे बंड आहे, असे आम्हांला वाटते.

तारुण्य आणि पंक हे समीकरण आरंभीही पूर्ण खरे नव्हते. यूके सब्ज या बँडचे गायक चार्ली हार्पर यांचा जन्म १९४४ चा. १९७६ साली ते बत्तीस वर्षांचे होते, आणि सत्तरी उलटल्यावरही ते मंचावर गात राहिले. कालखंडाची चौकट त्यांना दोन्ही टोकांनी बाहेर ठेवते.

संग्रहालयाला उत्तर देण्याचा एक मार्ग २०१६ मध्येच दिसला. माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचे पुत्र जो कोरे यांनी २६ नोव्हेंबरला, ‘अ‍ॅनार्की इन द यूके’ या गाण्याच्या चाळिसाव्या वर्षदिनी, थेम्स नदीत एका नौकेवर आपला पंक वस्तूंचा संग्रह जाळला. त्याची किंमत पन्नास लाख पौंड सांगितली गेली. ही कृती गाजली खरी. पण जाळायला एवढा संग्रह किती जणांकडे असतो?

आम्हांला अधिक बोलके वाटते ते ब्लॅकपूल. लँकेशायरच्या गिरण्यांतील कामगार सुट्टीत जिथे हवा खायला जात, ते हे समुद्रकाठचे गाव. तेथील १८७८ साली उघडलेल्या विंटर गार्डन्स या भव्य वास्तूत हुजूर पक्षाची अधिवेशने भरत आणि मार्गारेट थॅचर यांची भाषणे होत. त्याच वास्तूत आता ऑगस्टमध्ये गुरुवार ते रविवार ‘रिबेलियन’ हा पंक महोत्सव भरतो. १९९६ मध्ये ‘हॉलिडेज इन द सन’ या नावाने तो सुरू झाला, तेव्हा १९७६ चे विशीतले श्रोते चाळिशीत आले होते. जुने बँड वाजवतात, नवेही वाजवतात. मुलाखती आणि पुस्तकांवरच्या गप्पांसाठी वेगळा साहित्य-मंच असतो. याला निव्वळ स्मरणरंजन म्हणणे आम्हांला पटत नाही. स्मरणरंजनाला नवे बँड लागत नाहीत.

महासाथीमुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे महोत्सव झाला नाही. विशीत दोन वर्षे सहज सुटतात, साठीत ती मोजावी लागतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विंटर गार्डन्सची दारे पंकसाठी पुन्हा उघडली.